वेप सोडल्यावर फुप्फुसं कधी सावरतात, आणि मधल्या काळात श्वास अपुरा का वाटतो?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २४, तीन वर्षं रोज वेप (ई-सिगारेट), ५० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट, सिगारेट कधीच नाही. पाच आठवड्यांपूर्वी एका दिवसात बंद केलंत. तेव्हापासून सकाळी खाकरल्यावर बेडका पडतो, जो आधी पडत नव्हता. दिवसभर श्वास ‘वरपर्यंत भरतच नाही’, सारख्या जांभया येतात, तीन जिने चढले की धाप लागते. एक्स-रे स्वच्छ आहे, ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. ‘दोन आठवड्यांत फुप्फुसं सुधारू लागतात’ असं एका तक्त्यात वाचलंत, आपलं तर उलटच चाललंय असं वाटलं आणि कायमचं काही बिघडलं का ही भीती बसली. शेवटच्या ओळीत घाईघाईने लिहिलंय, की चार दिवसांपूर्वी मित्राच्या वेपचे दोन झुरके घेतले, तर केलेल्या सगळ्यावर पाणी पडलं का. त्या ओळीकडेही मी येणार आहे, ती मला महत्त्वाची वाटते.

मी छातीविकारांची डॉक्टर आहे, २१ वर्षं हेच काम करते. गेली काही वर्षं वेप सोडलेली तरुण मुलंमुली बरीच येतात, आणि त्यांतली निम्मी तरी नेमकी हीच तक्रार घेऊन येतात: ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो, सोडल्यावर त्रास सुरू झाला.’ तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. फुप्फुसाला इजा झाली आहे का, हा एक. सोडल्यावर त्रास का वाढला, हा दुसरा. पूर्ण बरं कधी वाटेल, हा तिसरा. तुमची झोप उडवली आहे ती दुसऱ्याने, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा फुप्फुसाच्या इजेत नसतं. म्हणून जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे.

आधी त्या तक्त्याबद्दल. वीस मिनिटांत नाडी उतरते, दिवसभरात कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, नऊ महिन्यांत खोकला कमी होतो, दहा वर्षांत कर्करोगाचा धोका निम्मा होतो, असा तो तक्ता आहे ना? तो सिगारेटचा आहे. सिगारेट जळते, म्हणून तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर असतं. वेपमध्ये काही जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे द्रव कॉइलवर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेवर, तापतं, त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि ते तुम्ही आत घेता. त्या थेंबांत निकोटिन असतं, वासाची रसायनं असतात, कॉइल जास्त तापली तर फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीनसारखे झोंबणारे पदार्थ असतात, कॉइलमधून झिजलेल्या निकेल-क्रोमियमचे अंशही असतात. म्हणजे सिगारेटच्या धुरातलं बरंच काही यात नाही, पण ही नुसती पाण्याची वाफही नाही. हानीच वेगळी, तर सावरण्याचं वेळापत्रक उसनं घेऊन कसं चालेल? शिवाय आजच्या स्वरूपातला वेप २००३ मध्ये चीनमध्ये तयार झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी जगभर पसरला. तीस-चाळीस वर्षं वेप ओढलेला माणूसच अजून अस्तित्वात नाही. त्यामुळे वेपबद्दल ‘दहा वर्षांनी अमुक टक्के’ असं कुणी छातीठोकपणे लिहिलं असेल, तर तो आकडा दुसऱ्या कशावरून तरी उचललेला आहे असं समजा.

मग भरवशाने काय सांगता येतं? फुप्फुसात वेप कुठे कुठे पोहोचतो आणि तो भाग किती लवकर दुरुस्त होतो, हे सांगता येतं. सगळं फुप्फुस एकाच वेगाने सावरत नाही, हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं सोपं जाईल.

सगळ्यात वरचा थर श्वासनलिकांच्या अस्तराचा. तिथल्या पेशींवर अतिशय बारीक केस असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही आखूड. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने हलतात आणि वरचा चिकट कफ घशाकडे ढकलत राहतात. कफात अडकलेली धूळ आणि जंतू असे वर येतात, आणि आपण नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसालाही कफ होतच असतो, त्याला तो जाणवत नाही इतकंच. निकोटिनने या केसांची हालचाल मंदावते आणि कफातलं पाणी कमी होऊन तो घट्ट होतो. वासाच्या काही रसायनांचा, विशेषतः दालचिनीच्या वासासाठी वापरतात त्याचा, या केसांवर असाच परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. चांगली गोष्ट ही, की हे अस्तर शरीर स्वतः नव्याने तयार करतं आणि हा थर आठवड्यांच्या हिशेबात सुधारतो.

आता तुमचा बेडका. सोडल्यावर खोकला का वाढावा? दोन कारणं. कफ ढकलणारी यंत्रणा परत चालू होते, त्यामुळे इतके दिवस खाली चिकटून राहिलेलं वर यायला लागतं. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही: निकोटिनमुळे खोकल्याची संवेदनाच बोथट झालेली असते. सिगारेट सोडणाऱ्यांत ती दोन आठवड्यांतच परत तीक्ष्ण होताना दिसली आहे, आणि वेपमधल्या निकोटिननेही ती तात्पुरती दबते. म्हणजे आधी कफ नव्हता असं नाही, त्याची जाणीव दबलेली होती. माझ्या पाहण्यात हा खोकला दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जास्त असतो आणि तीन महिन्यांच्या आत बहुतेकांचा थांबतो. बेडका पांढरा किंवा पारदर्शक असेल आणि आठवड्यागणिक कमी होत असेल, तर त्याला घाबरू नका. आठ आठवड्यांनंतरही खोकला तसाच असेल, तर मात्र तपासून घ्यायचा, मग कारण काहीही वाटो.

खोकून खोकून घसा सोलवटून घेऊ नका. मी पेशंटला हे करून दाखवते: खुर्चीत ताठ बसा, नाकाने मध्यम श्वास घ्या, दोन सेकंद थांबा आणि मग तोंड मोठं उघडून, आरशावर वाफ धरावी तसा ‘हाऽऽ’ करून श्वास झपकन बाहेर सोडा. आवाज घशातून नाही, पोटातून आला पाहिजे. असं दोन-तीनदा केलं, मध्ये मिनिटभर शांत श्वास घेतला, की कफ आपोआप वर सरकतो आणि एका हलक्या खोकल्यात निघतो. सकाळी पाच मिनिटं पुरतात. सोबत पाणी पीत राहा.

आता श्वास वरपर्यंत भरत नाही, त्याबद्दल. इथे सविस्तर लिहिते, कारण हीच गोष्ट माणसाला पुन्हा वेपकडे नेते.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक २२ वर्षांची मुलगी आली होती. तुमच्यासारखीच कहाणी, सोडून सहा आठवडे झालेले. समोर बसून बोलताना दर वाक्यानंतर तिचे खांदे कानाकडे जायचे, तोंड उघडायचं, मोठा श्वास, मग निराश चेहरा. मी तिला न सांगता घड्याळाकडे बघून मोजलं. दहा मिनिटांत १४ उसासे. शांत बसलेला माणूस नकळत साधारण पाच मिनिटांनी एक उसासा टाकतो, आणि तो गरजेचाही असतो, त्याने मिटत आलेले वायुकोश पुन्हा उघडतात. म्हणजे दहा मिनिटांत दोन ठीक होते, तिचे १४ झाले. तिची स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोराने फुंकायची चाचणी. ती तिच्या वयाला आणि उंचीला शोभेल अशी उत्तम आली. कागद तिच्या हातात दिला तरी तिचा विश्वास बसेना. ‘मग मला हवा पुरत का नाही?’ असं म्हणून ती रडायलाच लागली.

मी तिला एक प्रयोग करायला सांगितला, तुम्हीही आत्ता करून बघा. पूर्ण श्वास भरा. तो न सोडता त्यावर अजून एक श्वास घ्यायचा प्रयत्न करा. काय होतं? छाती आवळते, हवा आत जात नाही, ‘अडलं’ असं वाटतं. ती दिवसभर हेच करत होती. श्वास पूर्ण बाहेर न सोडता त्यावर पुढचा मोठा श्वास. आधीच भरलेल्या भांड्यात ओतत राहायचं आणि भांडं भरत नाही म्हणून घाबरायचं, असं ते चाललं होतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि तो खाली आला की हलकं गरगरतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. ही लक्षणं आली की माणूस अजून मोठे श्वास घेतो. असं हे चक्र फिरत राहतं.

पण हे वेप सोडल्यावरच का सुरू होतं? झुरका घेताना तुम्ही काय करत होतात ते आठवा. तीन-चार सेकंद सावकाश ओढायचं, खोल आत घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग लांब सोडायचं. सिगारेटचा झुरका साधारण दोन सेकंदांचा असतो, वेपचा त्याहून बराच लांब. तुमच्यासारख्या प्रमाणात ओढणारा माणूस हे दिवसातून शंभर-दोनशे वेळा सहज करतो. म्हणजे तीन वर्षं तुम्ही दर थोड्या वेळाने एक दीर्घ, संथ श्वास घेत होतात आणि त्याला निकोटिनची जोड होती. मेंदूने ‘दीर्घ श्वास म्हणजे समाधान’ अशी गाठ बांधून ठेवली. आता तुम्ही तोच दीर्घ श्वास घेता, हवा येते, पण समाधान येत नाही, कारण निकोटिन येत नाही. मेंदू त्याचा अर्थ ‘श्वास अपुरा पडला’ असा लावतो. वर तलफेची अस्वस्थता आहेच. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जाते आणि साधारण दोन ते चार आठवडे राहते. जांभयाही मी याच गाठीच्या खाती टाकते.

म्हणून ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तरी हवा पुरत नाही असं वाटतं, यात विरोधाभास नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. तुमची जाणीव खरी आहे, ती मनाचे खेळ म्हणून मी झटकून टाकत नाही, फक्त ती ऑक्सिजनच्या कमतरतेची नाही. एक मात्र मान्य करते: ऑक्सिमीटर चांगला आला म्हणून लहान श्वासनलिका ठणठणीत आहेत असंही सिद्ध होत नाही, त्या कामासाठी ते यंत्र नाहीच. तुम्ही ते दिवसातून बारा वेळा लावता असं लिहिलंय. कपाटात ठेवून द्या. प्रत्येक वेळी बोट घालताना तुम्ही मेंदूला सांगत असता, की काहीतरी धोका आहे, लक्ष ठेव.

उपाय उलट्या बाजूने आहे. श्वास भरायचा प्रयत्न सोडायचा आणि सोडण्यावर काम करायचं. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने छोटा श्वास घ्या, मुद्दाम छोटा, इतका की फक्त खालचा हात हलेल. मग ओठांचा चंबू करून, मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा. शेवटी एक-दोन सेकंद थांबा. मोठ्या श्वासाची ओढ येईल, ती येऊ द्या. आवंढा गिळा आणि पुन्हा छोटा श्वास घ्या. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिले तीन-चार दिवस हे फार नकोसं वाटतं, माझ्या पेशंटना यायचा तो रागही याच दिवसांत येतो. जमायला लागलं की बसून करा, मग चालताना. त्या मुलीला पाच आठवडे लागले. शेवटच्या भेटीत ती पूर्ण वीस मिनिटं बोलली आणि मी मोजलेले उसासे तीन होते.

मात्र सगळ्याच अपुऱ्या श्वासाला हे स्पष्टीकरण लावू नका. श्वास सोडताना शीळ वाजल्यासारखा आवाज येणं, पहाटे खोकल्याने किंवा दमाने जाग येणं, थंड हवेत छाती आवळणं, आणि पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी त्रास वाढणं, हे दम्याकडे बोट दाखवतं. वेपमुळे आधीचा सुप्त दमा उघडा पडलेली मुलं मी पाहिली आहेत. उसाशांचा त्रास बहुधा शांत बसलेलं असताना जास्त असतो, कामात किंवा गप्पांत मन गुंतलं की विसरला जातो, आणि झोपेत अजिबात नसतो. तुम्ही लिहिलंय की सिनेमा बघताना दोन तास काहीच झालं नाही. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती ती वाटली. तरी स्पायरोमेट्री एकदा करून घ्याच, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या आधी आणि नंतर, अशी दोन्ही वेळा. वेदना नाही, फार वेळ लागत नाही, आणि पुढे कधी तुलना करायची झाली तर हाताशी आकडा राहतो. एक्स-रे फुप्फुसाचं चित्र दाखवतो, काम दाखवत नाही. सी.टी. स्कॅनची तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला गरज दिसत नाही.

जिन्यांचं थोडक्यात. निकोटिन नाडी वाढवतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. सोडल्यावर बसल्या जागची नाडी पहिल्या काही दिवसांतच खाली येते, तुमच्या मनगटावरच्या घड्याळात ती दिसतही असेल. पण तीन वर्षांत हालचाल कमी झाली असेल तर स्नायूंची सवय गेलेली असते, आणि धाप लागते ती बऱ्याचदा त्या स्नायूंमुळे. व्यायामाने फुप्फुस मोठं होत नाही. पायांचे स्नायू तोच ऑक्सिजन जास्त नीट वापरायला शिकतात, म्हणून दम कमी लागतो. रोज अर्धा तास भरभर चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, तेच तीन जिने त्याच वेगाने चढून वर एक मिनिट थांबून नाडी किती उतरली ते लिहून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांत फरक कागदावर दिसेल. रोज मोजू नका, रोजच्या चढउताराने माणूस उगीच हिरमुसतो.

इथपर्यंतचं एकत्र करते. कफ आणि खोकला: आठवडे, फार तर तीन महिने. श्वासाची सवय: सराव केलात तर एक-दोन महिने, नाही केलात तर कितीही. दमसास: दोन महिन्यांपासून पुढे. हे माझ्या अनुभवातले अंदाज आहेत, आणि ते कशाकशावर अवलंबून असतात तेही सांगते. किती वर्षं आणि किती प्रमाणात ओढलं, सोबत सिगारेट होती का, लहानपणी दमा किंवा ॲलर्जी होती का, आणि सुरुवात कोणत्या वयात झाली. फुप्फुसांची क्षमता विशीच्या सुरुवातीला कमाल पातळीवर पोहोचते, त्यामुळे पंधराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाबद्दल मी तुमच्यापेक्षा जास्त सावध राहीन. तुम्ही २१ व्या वर्षी सुरू केलंत, सिगारेट नाही, दमा नाही. तुमच्या बाजूने बरंच काही आहे.

खोल थराबद्दल मात्र मी गोड गोड लिहिणार नाही. वायुकोशांत स्वच्छता करणाऱ्या पेशी असतात. वेप ओढणाऱ्यांच्या या पेशींत चरबीचे थेंब साठलेले आढळतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत निकोटिन नसलेल्या वेपनेही हे झालेलं दिसलं. या पेशी बदलत राहतात, म्हणून नवा मारा थांबवणं हाच त्यावर इलाज. पण जिथे व्रण धरला, तिथली जागा परत पहिल्यासारखी होत नाही. २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना लहान श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा आजार झाल्याचं समोर आलं. लोण्याच्या वासासाठी वापरलेलं डायॲसिटिल त्याला कारणीभूत होतं. हेच रसायन पुढे काही वेपच्या द्रवांतही सापडलं, म्हणून ‘पॉपकॉर्न लंग’ हा शब्द तुमच्या वाचनात आला. वेपमुळे तो सिद्ध झालेले रुग्ण अतिशय विरळ आहेत, पण आजार तसाच, न भरून येणारा. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र इजेची साथच आली, तिला ईव्हाली म्हणतात. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली, त्यांत ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी गांजातल्या टीएचसी या नशेच्या घटकाचे वेप वापरले होते, आणि तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट रसायन मिळालं. म्हणून मी प्रत्येकाला विचारते आणि तुम्हालाही विचारते: तुमच्या पॉडमध्ये, म्हणजे वेपच्या द्रवाच्या कुपीत, निकोटिनशिवाय कधी काही होतं का? उघड्यावर सांगायची गरज नाही, पण जो डॉक्टर तपासेल त्याच्यापासून लपवू नका. त्यावर तपासण्या ठरतात.

आणि वाट न बघता दवाखान्यात जायचं ते केव्हा, हे स्पष्ट लिहिते. बसल्या जागी धाप, ताप आणि त्यासोबत वाढता दम, थुंकीत रक्त, अचानक एका बाजूला टोचून उठलेली छातीतली कळ, ऑक्सिमीटर उबदार बोटावर नीट लावूनही ९४ च्या खाली, किंवा कारण नसताना वजन घटणं. अचानक कळ आणि दम हे विशेषतः उंच, सडपातळ तरुण मुलांनी अंगावर काढू नये, फुप्फुसाभोवती हवा सुटलेली असू शकते.

‘फुप्फुस शुद्ध करणारे’ चहा, गोळ्या, फवारे यांबद्दल विचारलंत. त्यांची गरज नाही. साध्या पाण्याच्या वाफेने कफ सैल वाटतो, घ्यायला हरकत नाही, पण तिच्यात तेलं टाकू नका आणि नाकात तेल सोडू नका. तेल फुप्फुसात उतरलं तर तिथून ते निघत नाही, त्याने वेगळाच न्यूमोनिया होतो. आणि ‘निकोटिन नसलेला वेप हाताला चाळा म्हणून’, हेही नको. थेंब तेच, कॉइल तीच, आणि दीर्घ झुरक्याची ती गाठ तर अजून पक्की होते. त्यापेक्षा तलफ आवरत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम घ्या. त्यात निकोटिन आहे, पण ते फुप्फुसातून जात नाही, आणि फुप्फुसाच्या डॉक्टरला तेवढं पुरतं.

राहिले ते दोन झुरके. पाच आठवड्यांत श्वासनलिकांचं जे अस्तर सुधारलं, ते दोन झुरक्यांनी परत बिघडत नाही. त्यातलं निकोटिन दर दोन तासांनी निम्मं होत त्याच रात्री जवळजवळ संपलं. फुप्फुसाच्या हिशेबात ही घटना फार छोटी आहे. मला काळजी आहे ती नंतरच्या विचाराची, ‘मोडलंच आहे, तर आता काय’ या विचाराची, कारण माझ्याकडे परत वेप घेऊन आलेले बहुतेक जण झुरक्याने नाही, या विचाराने परत गेले होते. तुम्ही ती ओळ सगळ्यात शेवटी, चोरून लिहावी तशी लिहिलीत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. ५० मिलिग्रॅमवरून एका दिवसात शून्यावर येणं कठीणच असतं आणि ते तुम्ही कुठल्याही मदतीशिवाय केलंत. मदत मागितलीत तरी चालेल. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात १६ ते २५ वयाचे वेप ओढणारे २६१ जण होते. व्हॅरेनिक्लिन हे औषध आणि सोबत समुपदेशन मिळालेल्यांपैकी ५१ टक्के जण १२ आठवड्यांच्या अखेरीस वेपपासून दूर होते. बनावट गोळी आणि तेच समुपदेशन मिळालेल्यांत ते १४ टक्के होते. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, मळमळ आणि विचित्र स्वप्नं पडू शकतात. पण नुसत्या निश्चयावर सगळा भार टाकायची गरज नाही, एवढं त्यावरून दिसतं.

ते झुरके कधी घेतले, कोण सोबत होतं आणि त्याआधी तासभर श्वास कसा होता, एवढं आठवून एका कागदावर लिहा. मला वाटतं, त्याआधी तासभर तुम्ही श्वास भरायचा प्रयत्न करत होतात आणि तो भरत नव्हता. तसं असेल तर झोपून करायच्या सरावाची पहिली दहा मिनिटं आज रात्रीच करा, आणि स्पायरोमेट्रीचा कागद हातात आला की त्यातले आकडे इथेच लिहा. मी बघेन.